बुवांचा बारावा रविवार

आमचे मेंटेनन्स मॅनेजर त्या जर्मन संगीतकाराचं नाव कधीच घेत नसत. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव टाळतात तसं ते टाळत आणि ‘बुवा’ म्हणत. म्हणून इथेही ते नाव देत नाही. बुवा अठराव्या शतकात होऊन गेले. चर्चमध्ये नोकरीला होते. शाळेतल्या पोरांना शिकवायचं, त्यांच्याकडून गाऊन घ्यायचं आणि रविवारच्या उपासनेसाठी संगीत लिहून द्यायचं, अशी ती नोकरी होती. त्या संगीताला कँटाटा म्हणतात. ऑफिसमधल्या बहुतेकांनी हा शब्द बटाटा असा ऐकला होता. अरबीतही बटाट्याला जवळजवळ हाच शब्द असल्याने आमच्या सीरियन पीआरओचाही तोच समज झाला. साहेब गाडीत बटाटा ऐकतात, ही माहिती कंपनीत सर्वांना होती आणि कोणी तिचा पुढे तपास केला नव्हता.

कंपनी शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये होती. जहाजांचे आणि कारखान्यांचे पंप दुरुस्तीला येत. मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो. इथे दुरुस्तीचे अहवाल इंग्रजीत लिहिण्याच्या कामावर आलो. साहेब आणि मी दोघेही दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहत होतो, त्यामुळे जाणंयेणं त्यांच्या गाडीतून.

“काय पत्रकार, आज बुवा ऐकणार की ट्रॅफिक?” ते विचारत. उत्तराची वाट न पाहता बुवा सुरू होत. एमिरेट्स रोडवर गाडी अडकली की ते आवाज वाढवत. मोकळा रस्ता मिळाला की नाराज होत, कारण मग शेवटचं पद पार्किंगमध्ये बसून संपवावं लागे.

पंप तपासताना ते त्याच्या अंगाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवत आणि दुसरं टोक कानाशी धरत. मग निदान सांगत, तेही मराठीत. करकर म्हणजे तेल नाही. खरखर म्हणजे बेअरिंगमध्ये वाळू. घरघर म्हणजे पंप जाणार. यांना इंग्रजी शब्द शोधणं माझं काम. मी तिन्ही ठिकाणी ‘नॉइज’ लिहिलं, तेव्हा त्यांनी अहवाल परत पाठवला. “वर्तमानपत्रात तुम्ही खून, अपघात आणि आजारपण, तिन्हीला ‘घटना’ म्हणत होता का?” त्यांनी विचारलं. म्हणत होतो, पण ते सांगितलं नाही.

ग्राहकाला पंप कधी मिळेल असं कोणी विचारलं आणि आमच्यातला कोणी “इन्शाल्ला” म्हणाला, तर साहेब सांगत, “जरूर म्हणा. पण पुढे वार सांगा.” त्यांच्या मते बुवांचं मोठेपण प्रतिभेत नव्हतं. प्रतिभा पुष्कळांकडे असते. बुवांकडे रविवार होता. आदल्या संध्याकाळपर्यंत बायको-मुलं बसून गाणाऱ्यांचे कागद उतरवून काढत, आणि सकाळी घंटा वाजली की शाई वाळलेली असो वा नसो, गायचं. “रविवार टळत नाही,” हे त्यांचं कामातलं एकमेव तत्त्व होतं. पंप गुरुवारी द्यायचा असला तरी ते हेच वाक्य म्हणत.

काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, बुवांविषयीचं मत वेगळं होतं. “ह्यांच्या बुवांना वीस मुलं, बायको गाणारी,” त्या म्हणत. “मी एकदा विचारलं, त्या घरातल्या बाईनं काय गायलं ते सांगा. तर म्हणाले, त्याची नोंद नाही.”

हे सगळं सुरू कसं झालं, ते साहेब नेहमी एकाच पद्धतीनं सांगत. तरुणपणी कंपनीनं त्यांना जर्मनीत पंपांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. एका रविवारी थंडीत फिरताना चर्चचं दार उघडं दिसलं, आतून सनई ऐकू आली. सनई आहे म्हणजे लग्न आहे, लग्न आहे म्हणजे जेवण आहे, असा विचार करून ते आत जाऊन बसले. ती सनई नव्हती, तिची युरोपातली चुलत बहीण होती, ओबो. लग्नही नव्हतं. आधी बायबलमधला उतारा वाचला गेला, मग त्याच उताऱ्यावर गाणं झालं, मग त्याच उताऱ्यावर पाद्री बोलला, आणि शेवटचं पद सगळ्यांना पाठ होतं. साहेबांना भाषा कळत नव्हती. तरी त्यांनी ओळखलं की हे कीर्तन आहे.

“कीर्तन सभागृहात तिकीट लावून ऐकत नाहीत,” ते म्हणत. दुबईत कुठे बुवांचा कार्यक्रम असला आणि कोणी पास देऊ केला तर ते नाकारत. प्रत्येक कँटाटा एका ठरलेल्या रविवारची असते, त्या दिवशीच्या उताऱ्यासाठी लिहिलेली. ती भलत्याच दिवशी गाणं त्यांना रामनवमीला गणपतीची आरती करण्यासारखं वाटे. जर्मनीत त्यांनी ऐकलेली होती ख्रिस्ती पंचांगातल्या त्रैक्याच्या, म्हणजे ट्रिनिटीच्या, सणानंतरच्या बाराव्या रविवारची. त्या दिवशीचा उतारा एका बहिऱ्या माणसाचा आहे. येशू त्याच्या कानांत बोटं घालतो आणि ‘इप्फाथा’ म्हणतो, म्हणजे मोकळा हो. साहेबांच्या मते हा शब्द आपल्या सगळ्यांना येतो. यार्डाच्या गेटवर ट्रक आला की अरब ड्रायव्हर “इफ्तह, इफ्तह” म्हणून ओरडतात. उघड, उघड.

“रोज गेटवर ऐकताय,” काकू म्हणाल्या, “काही फरक पडला का?”

काकूंच्या बोलण्याला कारण होतं. आयुष्य पंपांच्या आवाजात गेलं होतं आणि साहेबांचे कान चालले होते. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. एके सकाळी गाडीत एवढंच म्हणाले, “बारीक आवाज आधी जातात. व्हायोलिन गेलं. ओबो आहे अजून, अर्धामुर्धा. बुवांचे शेवटी डोळे गेले होते.” कानात घालायचं यंत्र त्यांनी आणलं होतं, पण त्यातून ओबो जत्रेतल्या पिपाणीसारखा ऐकू येतो, अशी त्यांची तक्रार होती. यार्डात ते स्क्रू ड्रायव्हर आता दुसऱ्यांच्या हातात देऊन विचारू लागले होते, “करकर की खरखर?” पोरं अंदाजानं सांगत.

म्हणजे त्यांना हवं होतं ते एवढंच: ती एक कँटाटा, तिच्या रविवारी, तिच्या जागी, उतारा आणि उपदेश यांच्यामध्ये, समोर बसून एकदा ऐकायची. ओबो ऐकू येतोय तोवर. बाकी कशाला मुदत नव्हती. याला होती.

अडचण अशी होती की या देशात रविवार हा कामाचा दिवस होता. सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली मोठी उपासनाही शुक्रवारी. “रविवार शुक्रवारी!” साहेब म्हणत आणि विषय संपे. मग सरकारनं सुट्टी बदलली. शनिवार-रविवार झाले, शारजानं सरकारी ऑफिसांना शुक्रवारही दिला. ऑफिसात मुलांच्या शाळांची, बँकांच्या वेळांची चर्चा चालू होती. साहेबांनी चर्चचं पंचांग मागवलं.

दुबईत ऊद मेथाला चर्चचं एक मोठं आवार आहे. तिथल्या हॉलमध्ये वेगवेगळ्या भाषांचे समूह एकामागून एक उपासना करतात. फिलिपिनो लोक उठले की मराठी बसतात, मराठी उठायच्या आत तमिळ दारात उभे असतात. मराठी गट लहान, बहुतेक घरं नगरकडची. त्यांच्याकडे पेटी-तबल्यावर पदं होतात आणि सणाला कीर्तनही. हे कळल्यावर साहेबांना आपण योग्य दारात आलो याची खात्री पटली. त्यांच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, आम्ही भेटलो. गृहस्थ सौम्य होते. सगळं ऐकून म्हणाले, “तुमचा हेतू चांगला आहे. पण मंडळीला विचारावं लागेल. मंडळी नाही म्हणाली तर माझा इलाज नाही.”

परत येताना साहेब खूश होते. “सज्जन माणूस. बायकोला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही.”

“तुम्ही आपल्या मंडळीला विचारता?” मी म्हटलं.

“आमची मंडळी विचारायच्या आधी सांगते.”

साहेबांच्या पिढीत बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणत. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे चर्चमधला सगळा समुदाय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्यामुळे पुढच्या शनिवारी साहेब, काकू, मी, एक स्पीकर आणि आंबाबर्फीचा डबा पाळकांच्या घरी पोचलो. साहेबांनी पाळकांना नमस्कार केला, त्यांना ओलांडून पुढे गेले आणि त्यांच्या पत्नीसमोर बसले. त्या ऊद मेथातल्याच एका भारतीय शाळेत गणित शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत.

साहेबांनी सविस्तर मांडणी केली. बुवा, रविवार, उतारा, ओबो. मधे स्पीकरवर नमुना ऐकवला. बाईंनी चहा दिला, बर्फी घेतली आणि शेवटी विचारलं, “पण हे सगळं तुम्ही मला का सांगताय?”

“पाळकसाहेब म्हणाले, मंडळी नाही म्हणाली तर त्यांचा इलाज नाही.”

पाळक स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. त्यांनी तोंड मिटलं.

“खरंय,” बाई म्हणाल्या. “मंडळीच्या काही अटी आहेत.”

पहिली अट भाषेची. जर्मन नको, आमच्या आज्यांना कळलं पाहिजे. साहेबांनी खिशातून भाषांतर काढलं. ते त्यांनी स्वतः केलं होतं आणि वाचूनही दाखवलं: “कर्णद्वारे उद्घाटित होवोत.”

“कशाचं उद्घाटन?” बाईंनी विचारलं.

“कानांचं.”

“मग ‘कान उघड’ म्हणा की.”

“सुरावर अक्षरं कमी पडतात.”

“‘कान माझे उघड देवा.’ मोजा.”

साहेबांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. “बसतंय,” ते म्हणाले. लग्न झाल्यापासून दुसऱ्याचं बरोबर आहे असं यांनी पहिल्यांदा कबूल केलं, असं काकू नंतर म्हणाल्या.

दुसरी अट वेळेची. तमिळ लोकांना एक मिनिटही थांबवायचं नाही. तिसरी अट साहेबांनीच ओढवून घेतली. त्यांनी विचारलं, गाणं चालू असताना हॉलचा एसी बंद ठेवता येईल का. त्याच्या घोंघाटात ओबो बुडतो.

“ऑगस्टमध्ये?” बाई म्हणाल्या. “तान्ही मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. मुळीच नाही.”

चौथी अट शेवटी आली. “गाणार कोण?”

“चार आवाज लागतात. खालचा आवाज मी गातो.”

“तुम्ही गायचं नाही. बसायचं.”

“मी घोकून—”

“गाणाऱ्याला शेजारचा ऐकू येत नाही. तुम्हाला गायचंय की ऐकायचंय?”

काकू म्हणाल्या, “ऐकायचंय. एकदा. मग खलास.” आणि बर्फीचा डबा बंद केला.

खऱ्या मंडळीला कोणी विचारलंच नव्हतं, हे पुढच्या उपासनेत पाळकांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, “मंडळीची संमती घ्यायची राहिली.” बाई मागच्या बाकावरून म्हणाल्या, “घेतली आहे.” विषय संपला. आम्हाला ‘मंडळी’चा खरा अर्थ त्या दिवशी पेटीवाल्यानं सांगितला. साहेबांनी ऐकून घेतलं. “म्हणजे माझी माहिती चुकीची होती,” ते म्हणाले, “निर्णय बरोबर होता.”

ओबो वाजवणारा एका हॉटेलच्या बँडमध्ये सापडला. मनिलाचा होता. हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा. ओबो खोक्यात पडून होता. फिलिपिनो लोक थोरल्या भावाला कुया म्हणतात, म्हणून सगळे त्याला कुया म्हणत. त्यानं साहेबांना इंग्रजीत विचारलं, “सर, लग्न की मयत?”

“संडे,” साहेब म्हणाले.

बाकीच्या वाद्यांऐवजी एक कीबोर्ड आणि पेटी. हे साहेबांना मान्य नव्हतं. पण बुवांनाही मागितलेली माणसं कधी मिळाली नाहीत, शहराच्या कौन्सिलशी त्यांचं त्यावरून भांडण होतं, असं सांगून त्यांनी स्वतःची समजूत घातली. खालचा आवाज पाळकांकडे गेला. बाई मधल्या आवाजात गाणार होत्या.

बारावा रविवार ऑगस्टच्या मध्यावर आला. शाळांना सुट्टी, निम्मी मंडळी गावाला. वरचा पुरुषी आवाज, म्हणजे टेनर, श्रीरामपूरला गेला होता आणि तिथून सरावाचे व्हॉइस मेसेज पाठवत होता. पाळकांनी सुचवलं, “दोन आठवड्यांनी घेऊ. लोक परततील.” साहेबांनी काय उत्तर दिलं ते वर आलेलं आहे. टेनरनं तिकीट बदललं.

त्या दिवशी फिलिपिनो उपासना संपली तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ जण उठलेच नाहीत. आपला माणूस वाजवणार म्हणून बसून राहिले. त्यामुळे ऑगस्ट असून हॉल भरला. साहेब पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसले, उजवा कान गाणाऱ्यांकडे येईल असे. इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. काकू शेजारी, मी त्यांच्या मागे.

उतारा वाचला गेला. पाळक ‘इप्फाथा’ म्हणाले. मग पहिलं पद झालं, सगळ्या आवाजांचं. ते ठीक झालं. टेनर एकदा चुकला आणि सावरला. साहेबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

दुसरं पद ओबोचं. कुयानं वाद्य ओठाशी नेलं. एसी नेहमीसारखा घोंघावत होता. सुरुवातीचे सूर मला ऐकू आले. साहेब पुढे वाकले, मग आणखी वाकले, आणि त्यांचे खांदे यार्डात स्क्रू ड्रायव्हर दुसऱ्याच्या हाती देताना पडत तसे पडले. काकूंनी गाणाऱ्यांकडे पाहिलं.

बाई गाणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर आल्या. त्यांचा या पदात काही भाग नव्हता. भिंतीशी गेल्या आणि एसी बंद केला. मग कुयाला बोटानं खूण केली: पुन्हा, पहिल्यापासून.

हॉल एकदम शांत झाला. कुयानं पुन्हा सुरुवात केली. थोड्याच वेळात गरम होऊ लागलं. लोक गाण्याच्या कागदांनी वारा घेऊ लागले, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. कागदाचाही आवाज होतो. कागद थांबले. एका मुलीनं आईला विचारलं, “मम्मा, इज द एसी ब्रोकन?” आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. पेटीवाल्याचा चष्मा घामानं नाकावरून घसरत होता आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. ‘कान माझे उघड देवा’ ही ओळ आली. टेनर ती म्हणतो, मग ओबो तीच परत वाजवतो. मागे बसून साहेबांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त ते आता पुढे वाकलेले नव्हते. पाठ टेकून बसले होते.

पद संपलं, बाईंनी एसी लावला, शेवटचं पद सगळ्यांनी म्हटलं. फिलिपिनो लोकांनी शब्द येत नसतानाही चाल धरली. पाळकांनी त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत छोटा उपदेश केला. तमिळ लोकांना थांबावं लागलं नाही.

आता साहेब नाशिकला असतात. फोन उचलत नाहीत, कारण उचलून उपयोग नाही. संदेश टाइप करतात, पूर्णविरामासकट. त्यात बुवा असतात, पण ऐकण्याविषयी काही नसतं. म्हणून त्या दिवशी हॉलबाहेर काय झालं, याची नोंद नीट व्हायला हवी.

आवारात चहा चालू होता. लोक साहेबांचं अभिनंदन करत होते. साहेबांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते चिडलेले होते.

“त्यानं ओळीच्या मध्ये श्वास घेतला,” ते बाईंना म्हणाले. “‘उघड’ आणि ‘देवा’च्या मध्ये. बुवांनी तिथे जागाच ठेवलेली नाही. ओळ तुटली.”

“कुयानं?” बाईंनी विचारलं. “श्वास?”

“मग कोणी? केवढ्यानं घेतला.”

बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या आणि बराच वेळ शोधत राहिल्या.

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी देत नाहीत. मी हॉलमध्ये परत गेलो. कुया वाद्याचे तुकडे सुटे करून पुसत होता. मी त्याला ती जागा गुणगुणून दाखवली आणि विचारलं. तो ओशाळला. गरमीनं ओठ सुकले होते, म्हणाला, घेतला खरा. पण अगदी चोरून घेतला होता. खुर्चीला खुर्ची लावून बसलेल्या पेटीवाल्यालाही कळला नव्हता.